शिंपीकाकांच्या टाकीतला शंभर वॅट

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे. खोली गरम करणारा नव्हे, आणि अंघोळीच्या बादलीत बुडवतात तो तर मुळीच नव्हे. त्याच्याशी माझी तुलना केली की मला राग येतो. मी समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या टाकीत, मासे आणि प्रवाळ यांच्या सोबतीने राहिलेला, वीतभर लांबीचा, शंभर वॅटचा हीटर. माझ्या काचेच्या नळीत तारेचे वेटोळे आहे आणि डोक्यावर फिरणारी टोपी. टोपीवर जो आकडा लावाल तेवढे पाणी गरम झाले की मी आपोआप बंद होतो. निदान व्हायला हवे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे चष्मा लावलेल्या एक बाई प्रत्येक हीटर पाण्यात बुडवून बराच वेळ बघत बसत. माझ्या आधीच्या दोघांच्या नळीत पाणी शिरले आणि ते थेट भंगारात गेले. माझी पाळी आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. बाईंनी मला पुसले, "हा पक्का आहे" म्हणाल्या आणि खोक्यात घातले. ही मला मिळालेली पहिली शाबासकी.

पुढे मी माशांच्या दुकानातल्या फळीवर आलो. शेजारी तीनशे वॅटचे एक धूड होते. "तुझ्याने कपभर पाणी तरी तापेल का रे?" असे ते मला येता-जाता चिडवत असे. येणारे-जाणारे गिऱ्हाईकही आधी त्यालाच उचलून बघायचे.

एके दिवशी शिंपीकाका आले. गळ्यात मापाची टेप तशीच होती, कामावरून उठून आले असावेत. दुकानाच्या मालकीणबाईंनी त्यांच्यापुढे ते धूड ठेवले तसे काका दोन पावले मागेच सरकले.

"नको बाई, मागचा असलाच होता. एके दिवशी त्याचा आतला स्विच चिकटला आणि तो बंदच होईना. घरी येऊन बघतो तर पाणी चौतीस अंश! वाढवलेली सगळी प्रवाळं पांढरीफटक पडली. आता ही शेवटची खेप. पुन्हा तसं झालं तर टाकी देऊन टाकणार, कायमची."

हा माणूस हौसेखातर आलेला नाही, धास्तीने आलेला आहे, हे मला तेव्हाच कळले.

"टाकी केवढी आहे?" बाईंनी विचारले.

"दोनशे लिटर."

"मग तीनशेचा एक घेऊच नका. शंभरचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा पाणी अगदी गार होऊ देत नाही. आणि एखादा चिकटलाच, तर एकट्याने पाणी उकळवायची त्याच्यात ताकद नसते."

मित्रांनो, ताकद नसल्याबद्दल कौतुक झालेला मी बहुधा पहिलाच! धुडाचे तोंड अगदी बघण्यासारखे झाले होते.

बाईंनी मग एक छोटी पेटी काढली. "हा कंट्रोलर. याच्या वायरच्या टोकाला सेन्सर आहे, तो पाण्यात सोडायचा. साडेपंचवीस झाले की हा दोन्ही हीटरची वीज तोडतो. हीटरच्या टोप्या मात्र सत्तावीसवर ठेवा. म्हणजे हीटर चुकला तर कंट्रोलर आवरेल, आणि कंट्रोलर चुकला तर हीटर स्वतःच थांबतील."

"म्हणजे दुहेरी शिलाई," काका म्हणाले.

"अगदी तसंच. आणि तीन वर्षांनी हीटर बदला. चालत असले तरी बदला."

हे शेवटचे वाक्य काकांनी ऐकले की नाही, कोण जाणे. मी ऐकले, आणि मला ते मुळीच आवडले नाही.

काकांचे काम घरातल्याच पुढच्या खोलीत चाले. खिडकीशी शिलाई मशीन, मध्ये कापड बेतायचे लांब टेबल, कोपऱ्यात उभा आरसा आणि भिंतीला लागून आमची टाकी. टाकीच्या शेजारी एका खिळ्यावर मापाच्या टेपा लटकत. काकू टाकीला "माझी सवत" म्हणायच्या. "माझ्याशी बोलायला वेळ नाही, पण हिच्यापुढे तासभर उभे!" असे म्हणून त्या मुद्दाम भांडी आपटायच्या. त्या रागावलेल्या नसायच्या. खरा राग आला की त्या बोलतच नसत.

मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघांनी तिथे सुखाने नोकरी केली. काकांनी नखाएवढे हिरवे प्रवाळ आणून दगडावर चिकटवले होते, ते वाढत वाढत बशीएवढे झाले. दोन नारंगी मासे त्याच्यात लोळायचे. बघायला येणारे लोक त्यांचे तोंडभरून कौतुक करत, आमच्याकडे ढुंकूनही बघत नसत. फक्त काका मला पुसताना म्हणायचे, "म्हातारा अजून खणखणीत आहे." तीन वर्षे गेली, पाच गेली, सात गेली. मला बदलायचे कुणाच्या मनातही आले नाही, आणि मी तर त्या गोष्टीवर खूशच होतो.

एका थंडीतल्या सकाळी काका टाकीची काच घासत होते. मध्ये येणारा सेन्सर त्यांनी पाण्याबाहेर काढला आणि सवयीने त्याची वायर टेपेसारखी गळ्यात अडकवली. तेवढ्यात नाटक मंडळीचा व्यवस्थापक धापा टाकत आला. त्याला अकरा कोट हवे होते, कापड आत्ताच निवडायचे होते आणि बाहेर गाडी उभी होती. काकांनी घाईघाईने गळ्यातले काढले, खिळ्यावर टांगले आणि त्याच्याबरोबर निघून गेले. गळ्यात जे असते ते खिळ्यावर जाते. तीस वर्षांच्या हाताला दुसरे काय ठाऊक असणार?

काकू बहिणीकडे गेल्या होत्या. खिळ्यावरचा सेन्सर खोलीतली हवा मोजू लागला आणि कंट्रोलरने बावीसचा आकडा दाखवला. पाणी गार झाले असे समजून तो आमची वीज तोडेना, आणि वर बीप बीप करत बसला. सत्तावीस झाल्यावर माझा जोडीदार शहाण्यासारखा बंद झाला. मी झालो नाही. माझा आतला स्विच चिकटला होता. मी तापत राहिलो. मासे वर येऊन भराभर तोंडे उघडू लागले, हिरव्या प्रवाळाने अंग चोरून घेतले. ज्यांना मी सात वर्षे ऊब दिली त्यांनाच मी मारत होतो, आणि मला ओरडताही येत नव्हते.

तीन वाजता काकू आल्या. त्यांनी बीप बीप ऐकून काकांना फोन लावला.

"अहो, तुमची पेटी बोंबलतेय. बावीस दाखवतेय."

"बावीस? अगं, म्हातारा दमला वाटतं! आधी प्लग काढ, मग पाण्यात हात घालून दोन्ही टोप्या तिसावर फिरव आणि प्लग परत लाव. लवकर!"

काकूंनी प्लग काढला. बाह्या सारून पाण्यात हात घातला आणि तिथेच थांबल्या.

"अहो, पाणी गार नाहीये. कोमट लागतंय."

"आकडा बावीस आहे ना? मग गारच असणार."

"आकडा काही म्हणू दे. तीस वर्षं तुमचं कापड भिजत घालतेय मी, मला पाणी कळतं!"

त्यांनी पेटीपासून वायरीवर बोट फिरवत नेले. वायर टाकीत गेलीच नव्हती. तीन टेपांच्या मध्ये सेन्सर लोंबत होता. काकूंनी ते फोनवर सांगितले.

काका धावत आले. पाणी साडेअठ्ठावीस भरले. त्यांनी झाकण काढून पाण्यावर पंखा लावला आणि दोघे दोन स्टुलांवर टाकीसमोर बसले.

"गेलं बहुतेक," काका पुटपुटले. "माझ्याच हातानं."

"गप्प बसा. बघत राहा."

दिवेलागणीच्या सुमारास हिरव्या प्रवाळाचे एक बोट बाहेर आले. मग दुसरे. मग हळूहळू सगळेच उमलले. काकांचा जीव भांड्यात पडला, आणि काकूंनी पदराने डोळे टिपलेले मी पाहिले. सवतीसाठी!

दुसऱ्या दिवशी बादलीत माझी परीक्षा झाली आणि मी नापास झालो. तरी काका मला हातात घेऊन म्हणाले, "साफ करून बघतो. टाकवत नाही गं."

"तुमचा जीव आहे त्याच्यावर, मला कळतं," काकू म्हणाल्या. "पण त्याचा सांभाळ करायला आपण टाकी ठेवलीय का?"

काकांना ते पटले. त्याच दिवशी दोघे जाऊन शंभरचे दोन नवे हीटर घेऊन आले, आणि कुणी चुकून मला पुन्हा लावू नये म्हणून काकांनी माझी वायर कापली. कापडाच्या कात्रीने नव्हे, तिला ते कुणाला हात लावू देत नाहीत. पकडीने.

मित्रांनो, यंत्र चालते आहे म्हणजे ते ठीक आहे, असे समजू नका. आकडा बघा, पण अधूनमधून हातही लावून बघा. आणि आमच्यावर माया असेल तर आमची वेळ भरली की आम्हाला बाहेर काढा. आम्हाला स्वतःहून थांबता येतेच असे नाही. तुम्हाला वाटेल, वायर कापली तेव्हा मी रडलो असेन. खरे सांगतो, मला हायसे वाटले.