आजची उपस्थिती

"बारा हजार म्हणा, झुल्मीराबाई," नगराध्यक्ष मेन्देश निवेदनाच्या खोलीत डोकं घालून म्हणाले. "स्पर्धेचे परदेशी पाहुणे वर काचेच्या कक्षात बसलेत. आकडा कानावर पडला पाहिजे."

झुल्मीरानं खाली पाहिलं. मध्यंतर झालं होतं. तीस हजार खुर्च्या पिवळ्या, निळ्या, तांबड्या अशा मुद्दाम मिसळून बसवलेल्या, म्हणजे टीव्हीवर लांबून माणसं असल्यासारखी वाटावीत. खरी माणसं एका कोपऱ्यात ऊन बघून बसली होती.

"बारा हजार? दफनभूमीतलेही धरायचे का?"

"चेष्टा नको. पुढच्या स्पर्धेच्या मॅच हव्यात, तर वर आणखी एक मजला चढवायला हवा. चाळीस हजारांचं स्टेडियम होईल!"

"आधी खालच्या मजल्यावरची कबुतरं हाकला."

झुल्मीरा विला सेर्दा या पोर्तुगीज गावाच्या बाजारात मासे विकायची. तिची हाळी ऐकूनच गावच्या फुटबॉल क्लबनं तिला जुन्या मैदानावर निवेदक केलं होतं. तिथे रविवारी पाय ठेवायला जागा नसे. मग परदेशी संघांची मोठी स्पर्धा आली. त्या स्पर्धेच्या दोन मॅचसाठी महामार्गापलीकडे हे धूड उभं राहिलं आणि जुन्या मैदानावर सुपरमार्केट आलं. संघ खेळून निघून गेले. क्लब घसरत चौथ्या श्रेणीत गेला. गावात पाणी महागलं, वाचनालयाला कुलूप लागलं, आणि मेन्देश पुन्हा निवडून आले. गावाच्या या अकलेपुढे झुल्मीरानं केव्हाच हात टेकले होते.

तिनं माईक चालू केला.

"आजची उपस्थिती." आवाज रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत आला. "इदालीनाबाई, निवृत्त शिक्षिका. औषधवाले नोर्बेर्तु. बेल्मीरु, बायकोशी भांडून आलेला. गोलकीपरची आई..."

नाव आलं की ते माणूस उठून हात हलवी. नावं लवकरच संपली.

"आणि काचेतले आमचे नगराध्यक्ष, फुकट पासावर!"

मेन्देश दारातच लालबुंद झाले. "पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही!"

"नाही टाकत. तुम्हीच ओरडा या खुर्च्यांना."

वरच्या पाहुण्यांना भाषा कळत नव्हती. जाहिरातदारांची नावं वाचली असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मजला मंजूर झाला.

बांधकाम सुरू झालं तसं क्लबला मैदान उरलं नाही. एक मोसम तो शेजारच्या गावात खेळला, मग बंद पडला. बातमी आली त्या दिवशी झुल्मीरानं बाजारात हाळीच दिली नाही. घसा बसलाय का, असं गिऱ्हाइकं विचारत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, ती दारापुढे निखाऱ्यावर तारली मासे भाजत होती. इदालीनाबाई आणि बेल्मीरु बाकावर बसले होते. तेवढ्यात महामार्गापलीकडून नव्या कर्ण्यांची चाचणी ऐकू आली. लिस्बनमध्ये ध्वनिमुद्रित केलेला एक गोड आवाज चाळीस हजार प्रेक्षकांचं स्वागत करत होता. आत गवंडीसुद्धा नव्हते.

"तुझा बरा होता गं," इदालीनाबाई म्हणाल्या.

"हिच्यानं एक मासा विकला जायचा नाही," झुल्मीरा म्हणाली आणि तारल्या परतू लागली.

कोपऱ्यावरून औषधवाले नोर्बेर्तु पाव घेऊन आले. बाकावर जागा नव्हती. दोघंही सरकून बसले.