अन्वरीचं चुकलेलं गाणं

आमच्या नळदुर्गाला माणसाची किंमत कळायला लई वेळ लागत न्हाय. माणसाचं नाव पेपरात आलं की लगेच कळते.

माझ्या शेजारच्या नसीमबी मनियारणीची अन्वरी गाण्यापायी मामाकडं हैदराबादला निघून गेली, तेव्हा हीच गल्ली तिच्या नावानं थुंकली होती. पुढं तिच्या रेकॉर्डी निघाल्या, तशी ती 'आमची अन्वरी' झाली. वसंतराव वकिलांनी तर तिला लहानपणी मांडीवर खेळवलं होतं म्हणे. कधी खेळवलं, देवालाच ठाऊक! त्यांच्या ओसरीची पायरीसुद्धा त्या पोरीनं चढलेली न्हाय.

महाराष्ट्र झाला त्या साली वकिलांनी तिच्या सत्काराचा घाट घातला. अन्वरीची अट एकच, अम्मीला समोर बसवा. नसीमबीनं लेकीशी बोलणं टाकलं होतं. पोर घरी यायची, आई तोंड फिरवून बांगड्या निवडत बसायची. शेवटी मीच तिला हाताला धरून नेलं, पहिल्या ओळीत बसवलं.

"गाणं झालं की मी चालले," बुरख्यातून आवाज आला.

आता गाणं कुठलं, तर 'बांगडी माझी वाढवली कुणी'. गावात ही रेकॉर्ड एकच, शांतलिंग भोंगेवाल्याकडं. लग्न असो, बारसं असो, ती वाजणारच. वाजून वाजून तिला चरा पडला. सुई तिथं अडकायची नि भोंगा ओरडायचा, "वाढ... वाढ... वाढवली कुणी!" गावाला वाटलं, चालच तशी हाय! हळदीला बाया तसंच म्हणायच्या. राघवेंद्र मास्तर तर डोळे मिटून सांगायचे, "ही जागा दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून निघायची न्हाय." खरंच की! गळ्यातून निघालीच कुठं होती?

वकिलांचं भाषण एकदाचं आटपलं, नि अन्वरी गायला बसली. काय आवाज हो! माझ्या अंगावर काटा आला. ती जागा आली, पोर सरळ गाऊन पुढं गेली.

"चुकली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"वाढ वाढ ऱ्हायलं की!"

गाणं थांबलं. मास्तर उठले. "बाई, पुन्हा घ्या. घाबरू नका, होतं असं." वकिलांनी तर शांतलिंगाला रेकॉर्ड लावायला सांगितली, बाईंना आठवावं म्हणून! जिचं गाणं तिलाच शिकवायला निघाले. अक्कल बघा.

अन्वरीचं तिकडं ध्यानच न्हाय. ती नुसती आईकडं बघत होती. आणि नसीमबी उठली. गेली म्हटलं ही, आता पोरीचं तोंड बघायची न्हाय. मी बुरखा धरला, तिनं हात झटकला, नि सरळ स्टेजवर चढली.

तोंडावरचा बुरखा वर केला, लेकीच्या गळ्यावरनं हात फिरवला. माईक समोरच होता, सगळ्या गावानं ऐकलं.

"वां तेरा दम अटकता था ना गे, बेटी? हर शादी में सुनती थी मैं. घर में बैठके रोती थी. अब अच्छी है ना तू?"

अन्वरीनं चरा-बिरा काही सांगितलं न्हाय. "अच्छी हूँ, अम्मी," एवढंच म्हणाली, नि आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.