दोनशे फूट खोल छत्री

"मौन जिथे कळू लागतं तिथे संस्कृती सुरू होते, आणि मौन कळलंय ते फक्त जुन्या जपानी सिनेमाला." दातांच्या डॉक्टरांचं हे मत चाळीस वर्षांत कोणी खोडलं नव्हतं. ते ऐकवलं जायचं तेव्हा समोरच्याच्या तोंडात कापूस असायचा.

आता दवाखाना बंद झाला होता आणि मौनाची सगळी भिस्त जुने सिनेमे दाखवणाऱ्या त्यांच्या चित्रमंडळावर होती. सभासद सहा, जागा म्हणजे मेव्हण्याच्या नळ-पाइपांच्या दुकानावरची खोली. मेव्हण्याला तिथे कमोड ठेवायचे होते.

"दाजी, तुमचा एक सिनेमा बघतो," तो म्हणाला होता. "पटला तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी कमोड वर चढतील."

डॉक्टरांनी ठेवणीतला सिनेमा काढला. कोणी नाव न ऐकलेला, काळा-पांढरा. म्हातारा बाप सासरी निघालेल्या मुलीची छत्री दुरुस्त करतो, एवढीच गोष्ट. संवादांचं भाषांतर पडद्यावर खाली उमटावं म्हणून त्यांनी सबटायटल्सची फाईल शोधून स्वतः जोडली होती.

दिवे मालवले. बापाने छत्री उघडली. खाली अक्षरं आली: 'दोनशे फूट खोल आलोय. तळातून पाणी शिरतंय.'

डॉक्टरांचा हात रिमोटकडे गेला. फाईल कुठल्याशा पाणबुडीच्या युद्धपटाची होती. थांबवून चूक कबूल करावी, तर अब्रूसकट खोली जाणार. न थांबवावं, तर पाणी शिरतच राहणार.

"किती खोल आहे हे," मागून ग्रंथपाल बाई पुटपुटल्या.

"दोनशे फूट," गणिताचे मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी रिमोट खाली ठेवला. पडद्यावर मुलगी दारात वाकून निरोप घेऊ लागली. 'टॉर्पेडो सोडा.' बाईंनी ते वहीत उतरवलं. "लग्नसंस्थेबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं."

मुलगी गेली. छत्री राहिली. रिकाम्या घरात ती मांडीवर घेऊन बाप बसून राहिला. मेव्हण्याने रुमाल काढून असं नाक शिंकरलं, की खाली दुकानातले पाइप घुमले.

दिवे लागले. "खोली तुमची," तो म्हणाला. "कमोड जातील जिन्याखाली."

आता डॉक्टरांचं मन त्यांना खाऊ लागलं. "दादा, खरं सांगतो. त्या खालच्या ओळी..."

"तेच बोलणार होतो. चष्मा घरी राहिला, एक अक्षर वाचता आलं नाही." मेव्हण्याने रुमालाची घडी घातली. "आमची धाकटी लेक सासरी निघाली, तेव्हा मीपण न गळणारा नळ दुरुस्त करत बसलो होतो, दाजी."

डॉक्टरांना पहिल्यांदाच मौनावर काही बोलायला सुचलं नाही.

"फक्त पुढच्या वेळी," मेव्हणा म्हणाला, "ती अक्षरं जरा खाली घ्या. छत्री दुरुस्त करताना म्हाताऱ्याच्या हातात पकड कुठल्या मापाची होती, तेच दिसलं नाही."