गंजाचा सर्वांत चांगला फोटो

फरीदाबादच्या एका रंगाच्या कारखान्यात श्रीरंगकडे जरा वेगळं काम होतं. कारखान्यातला रंग लावलेले लोखंडी पत्रे वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात उभे करून ठेवलेले असत. दर दिवाळीनंतर श्रीरंगने तिथे जायचं, कुठल्या पत्र्याचं काय झालंय ते पाहायचं आणि फोटो काढून आणायचे. ज्या रंगाखाली लोखंड शाबूत, तो रंग पास.

श्रीरंगचा जीव मात्र नापास पत्र्यांत रमायचा. फुगून सुटलेले पापुद्रे, खालून फुटलेला केशरी गंज, कडेला साचलेलं मीठ. वाळूत गुडघे टेकून तो ते टिपत राही. त्यातले काही फोटो मोठे करून त्याने घरी लावले होते. लोक नव्या फ्लॅटमध्ये निसर्गचित्रं लावतात आणि आपल्याकडे गंज, असं त्याची बायको कुमुदिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

शहाण्णव साली कारखान्याची एका जर्मन कंपनीशी बोलणी सुरू झाली. पाहुण्यांना नवा निळा रंग दाखवायचा होता, आणि नेमका तोच त्या वर्षी किनाऱ्यावर टिकला नव्हता. निळा थर मधोमध उकलला होता आणि आतून तांबडा, पिवळा, जांभळट गंज पसरला होता. इतका चांगला फोटो श्रीरंगने आजवर काढला नव्हता. कारखान्याचे मॅनेजर भाटियासाहेब यांनी तो पाहिला आणि सांगितलं, मागच्या वर्षीचे फोटो दाखवा, तेव्हा पत्रा ठीक होता.

त्यानंतर श्रीरंगला चैन पडेना. जेवता जेवता उठायचा, पडद्यावर दाखवण्यासाठी केलेली त्या फोटोची स्लाइड उजेडात धरायचा, ठेवून द्यायचा, पुन्हा काढायचा. मीटिंगमध्ये शेवटी त्याने तीच लावली. पडदाभर गंज पसरला. एक वयस्कर जर्मन बाई उठून पडद्याजवळ गेल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

करार पुढे ढकलला गेला. आधी रंग सुधारा, असं पाहुणे म्हणाले. भाटियासाहेब दोन दिवस श्रीरंगशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सर्वांसमोर म्हणाले, "बुरा तो लगा, श्रीरंगजी. लेकिन सच दिखाने के लिए हिम्मत चाहिए."

कुमुदिनीने हे ऐकलं आणि लगेच पुण्याला भावाला फोन लावला. तिने फोन ठेवल्यावर श्रीरंग म्हणाला, "खरं सांगावं म्हणून नाही दाखवला गं मी. तो कुणीतरी मोठा करून पाहावा, एवढंच मनात होतं."

कुमुदिनी फोनजवळून उठून त्याच्यापाशी आली.

"पण खोटा तर नव्हता ना?"

"नव्हता."

"मग झालं तर."

त्याचं मात्र समाधान झालं नाही. महिनाभरात त्याला बढती मिळाली. खऱ्या माणसाच्या हाती तपासणी विभाग असावा, असं वरून ठरलं. किनाऱ्याचं आणि फोटोंचं काम त्याच्या हाताखालच्या सुधन्वाकडे गेलं. कुमुदिनीने सोसायटीत पेढे वाटले. खरेपणाबद्दल मिळालेल्या त्या नव्या केबिनमध्ये श्रीरंग फार वेळ बसत नसे. सही घ्यायला आलेल्या माणसांना तो बहुतेक वेळा बाहेर, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारताना सापडायचा.