कुणाच्याच वाटणीला न आलेला खांब

मी शेड बोलतेय. शेताच्या कडेला उभी असलेली, पत्र्याची. घराविषयी लोक फार हळवे होऊन बोलतात, शेडविषयी कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून म्हटलं आपणच तोंड उघडावं. पण आधीच सांगून ठेवते, माझं बोलणं गोड नाही. माझा दोन माणसांवर दात आहे. दोघं सख्खे भाऊ आहेत आणि आजही माझ्याच सावलीत बसून चहा पितात.

मला उभं केलं त्यांच्या वडिलांनी. माणूस तापट होता, पण लोखंडाच्या बाबतीत फार हळवा. आधी खांब रोवले, मग छपराचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या चढवल्या, मग पत्रे. वेल्डिंगचं काम ठिणगीमामानं केलं. त्याच्या प्रत्येक सदऱ्याला जळकी भोकं असायची, म्हणून सगळे त्याला तसं म्हणायचे. "खांब सरळ आहे ना रे?" असं वडील इतक्या वेळा विचारायचे की शेवटी मामानं ओळंबा त्यांच्याच हातात दिला.

पावसाळा संपला की एक अख्खा दिवस माझा असायचा. वडील शिडीवर, थोरला शिडी धरून, धाकटा खालून स्क्रू देतोय. माझ्या प्रत्येक स्क्रूखाली रबराचं वायसर असतं. उन्हानं ते तडकतं आणि तिथून पाणी आत शिरतं, म्हणून तडकलेलं प्रत्येक वायसर बदललं जायचं. पन्हळीतला पाला बाहेर निघायचा. भिंतीच्या बुडाशी साचलेली माती ओढून काढली जायची, कारण ओली माती पत्र्याला चिकटून राहिली की पत्रा बुडातून सडतो. ट्रॅक्टर घासून कुठं ओरखडा पडला, तर त्याच संध्याकाळी तारेच्या ब्रशनं खरवडून, पुसून, रंगाचा हात फिरायचा. उद्यावर टाकलेलं त्यांना चालायचं नाही. मी तेव्हा सुखात होते.

मग ते वारले. दोघा भावांना भांडायला कुणाची मदत लागली नाही. ट्रॅक्टर कुठं उभा करायचा आणि पोती कुठं रचायची, एवढ्यावरून सुरुवात झाली आणि थेट वाटणीपर्यंत गेली. जमीन वाटता आली. मी मात्र एकच होते. मग मला मधोमध चिरलं. जमिनीपासून कैचीपर्यंत पत्र्याची भिंत ठोकली. इकडे थोरला, तिकडे धाकटा. पन्हळीखालचा माझा मधला खांब बरोबर त्या पत्र्यात अडकला, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे.

"खांबाचं काय?" थोरल्यानं विचारलं.

"खांब काय खायचाय? राहू दे तिथं," धाकटा म्हणाला.

आई दारात उभी होती. तिलाही कुणी काही विचारलं नाही. एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे, असं तिचं दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

थोरला टापटिपीचा. त्यानं माझा त्याच्या बाजूचा अर्धा भाग रंगवला, पण अगदी हद्दीपर्यंतच. हद्दीवरचा एक पत्रा तर त्यानं सुतळी लावून निम्माच रंगवला. रस्त्यानं जाणारे लोक मान वर करून हसायचे. कुणी अर्ध्याच तोंडाला पावडर लावून बाजारात उभं करावं तसं मला झालं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचा खरा राग आला.

धाकट्याची तऱ्हा वेगळी. माझ्या पन्हळीचा उतार त्याच्या बाजूला आहे, पाणी खाली नेणारा पाइपही तिकडेच. थोरला शिडीवर चढून आपला पाला झाडायचा आणि सगळा हद्दीपलीकडे लोटून द्यायचा. "पुढचं त्याचं तो बघेल." धाकट्यानं ते पाहिलं. सिमेंटचं घमेलं आणि एक वीट घेऊन वर चढला आणि बरोबर हद्दीवर माझी पन्हळ बुजवून टाकली.

"अहो, मग त्यांचं पाणी जाणार कुठं?" त्याच्या बायकोनं खालून विचारलं.

"जाऊ दे त्याच्या टाळक्यावर!"

आणि तसंच झालं. पन्हळ तुंबली, पाणी काठावरून आत उतरलं आणि थोरल्याची पोती भिजली. थोरल्यानं बदला म्हणून काय करावं? आपला शेणाचा उकिरडा उचलून धाकट्याच्या भिंतीला बाहेरून टेकवून घातला. शेणाची ऊब आणि गोमूत्राची ओल लोखंडाला आतून खाते, हे त्याला बापानंच शिकवलं होतं. ते शिकलेलं असं वापरलं. सूड घेत होते एकमेकांवर आणि मार खात होते मी.

मग मीही सुरू केलं. थोरल्याचं सगळ्यात चांगलं बियाणं ज्या पोत्यात असायचं, नेमकं त्याच्यावर ठिबकायचे. तो पोतं सरकवायचा, मी दुसरं भोक शोधायचे. धाकट्याला घाई असली की माझं सरकतं दार जागचं हलायचं नाही. लाथा मारून दमला की आपोआप उघडायचं. एकदा लग्नाला निघालेला असताना पत्र्याची वळलेली कड त्याच्या नव्या कोऱ्या शर्टात अशी अडकवली की शर्ट बाहीपासून बगलेपर्यंत उसवला. काय बरं वाटलं सांगू! वारा सुटला की सैल झालेला पत्रा मी असा बडवायचे की दोन्ही घरांत कुणाच्या डोळ्याला डोळा लागू नये.

पण ही सगळी किरकोळ मजा होती. खरा बेत मधल्या खांबाचा होता. तुंबलेल्या पन्हळीचं पाणी त्याच्यावरूनच खाली उतरायचं आणि बाहेरच्या उकिरड्याची ओल त्याच्याच बुडाशी मुरायची. तो कुणाच्या वाटणीला आलेला नसल्यामुळे त्याला ब्रश लावायला कुणी येत नव्हतं. बुडाशी त्याचे पापुद्रे सुटायला लागले. मला कळत होतं आणि मी गप्प होते. एक चांगला सोसाट्याचा वारा यावा आणि त्या वेळी दोघंही आत असावेत, एवढंच माझं मागणं होतं.

ही गोष्ट आणखी एकीला कळली. दोन्ही घरांचा कंटाळा आला की आई माझ्याकडे यायची आणि त्या खांबाला पाठ टेकून बसायची. एक दिवस उठताना तिनं काठी खांबाच्या बुडाशी रोवली, तर काठीचं टोक आतच गेलं. ती वाकली, बोटांनी पापुद्रा सोलला आणि मान वर करून माझ्या छपराकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोंब मारणार. ती काठी पुसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. ठिणगीमामालाही बोलावलं, कापायचं मशीन घेऊन. आभाळ भरून आलेलं होतं.

"हा खांब कुणाचा?" तिनं विचारलं.

"त्याच्याकडे जास्त गेलाय," थोरला म्हणाला.

"काही नाही, मधोमध आहे. आणि ह्यानं शेण टाकून कुजवलाय, ह्यानंच बघावं."

"वरून पाणी कुणी सोडलं मग?"

"म्हणजे कुणाचाच नाही," आई म्हणाली. "मग माझा. वाटणीत मला काही मिळालं नव्हतं आणि मीही कुणाला मिळाले नव्हते. मामा, काप तो. घरी न्यायचाय मला."

मामाचा हात मशीनवरच राहिला. "अहो आई, हा कापला तर अख्खी शेड खाली बसेल."

"बसू दे. शेड त्यांची. खांब माझा."

"आई, तुला वेडबिड लागलंय का?" धाकटा ओरडला.

"तुझा ट्रॅक्टर आहे ना आत? काढ बाहेर. आणि तुझं बियाणं, तेही काढ. पावसात कुठं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. कापतोस ना रे मामा, की दुसरा बोलावू?"

मी इतकी खूश झाले होते! इतकी वर्षं मनातल्या मनात जे करत होते, ते ही बाई भरदिवसा चारचौघांत करायला निघाली होती. मामानं मशीन सुरू केलं. ठिणग्या उडाल्या तसा धाकट्यानं त्याचा हात धरला.

"आई, दुरुस्त करतो," थोरला म्हणाला.

"कोण?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

त्यानं न बघताच धाकट्याकडे बोट केलं. "मी आणि हा."

मामानं दोन्ही बाजूंना एकेक जॅक लावला, थोरल्याकडे एक आणि धाकट्याकडे एक. दोन्ही बरोबरीनं चढायला हवेत, नाहीतर कैची पिळेल, असं त्यानं बजावलं. मधे तो पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोघंही आपापल्या जॅकवर ओणवे झाले.

"दादा, एक आटा देतोय," पलीकडून आवाज आला.

"दे. मीही दिला."

मला गहिवर वगैरे आला नाही. मी माझ्या वेळेची वाट बघत होते. खांबाचं कुजलेलं बूड कापून निघालं आणि माझा सगळा भार त्या दोन जॅकवर आला, आणि त्याच क्षणी वारा उठला. मी कुरकुरले. दोघांनी आपापला डळमळता जॅक दोन्ही हातांनी दाबून धरला.

"पळा बाहेर!" मामा ओरडला.

कुणीच पळालं नाही. एक सुटला असता तर मी दुसऱ्यावर पडले असते.

"तू जा, मी धरतो," थोरला म्हणाला.

"तू जा आधी! तुझे गुडघे गेलेत."

"माझ्या गुडघ्यांचं मला सांगू नकोस!"

मरणाच्या दारातही भांडत होते. मला फक्त जरासं अंग सोडायचं होतं. पण मी पडले असते तर दोन मिनिटांत त्यांची सुटका झाली असती, वर लोकांनी हळहळून त्यांना चांगलं म्हटलं असतं. एवढ्या स्वस्तात मी त्यांना का सोडू? मी दातओठ खाऊन तोलून धरलं. आई काठीवर हात ठेवून दारात उभी होती, तीही जागची हलली नाही. वारा गेला. मामानं नवं बूड जोडलं आणि खाली काँक्रीटचा ओटा केला, म्हणजे ओल वर चढणार नाही. "माझ्या खांबाला टेकलेला पत्रा मला चालणार नाही," असं म्हणून आईनं मधली भिंत काढायला लावली. पन्हळीतली वीट धाकट्यानं फोडली, उकिरडा थोरल्यानं हलवला. तोंडं दोघांचीही वाकडी होती.

आता दर वर्षी पावसाळा संपला की दोघं शिडी घेऊन येतात. थोरल्याचे गुडघे वाजतात, धाकट्याची कंबर धरते. आई खाली खुर्चीत बसून काठीनं दाखवते, "तिथं डाग दिसतोय."

"आई, ते पाखराचं आहे."

"असू दे. पूस."

मग ते पुसतात. वायसर बदलतात, स्क्रू आवळतात, बुडाची माती ओढतात. अधूनमधून म्हणतात, "विकून टाकू या हिला." आई म्हणते, "विका की, खांब सोडून." मग परत खरवडायला बसतात.

मी त्यांना माफ केलेलं नाही. रंगाचे हात चढले म्हणून माझा राग उतरत नाही. मला अजून पुष्कळ वर्षं टिकायचंय, त्या दोघांना शिडी चढणं नको होईपर्यंत आणि नको झाल्यावरही.

आई मात्र थकलीय. काल उशिरा एकटीच आली, नेहमीसारखी खांबाला टेकून बसली आणि बसल्या बसल्या हळूच म्हणाली, "मी गेले की हे परत सुरू करतील, बघ. तेव्हा पडू नकोस हं. गळत राहा."