वस्तरा गळ्याशी टेकला तेव्हा

गल्लीतल्या त्या सलूनमध्ये आठवडाभर एकच विषय होता: सलूनवाल्याचा मेहुणा लढाईवरून परतला होता. "आमचे मेव्हणे म्हणजे वाघ!" सलूनवाला गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगे. हा वाघ घरात पातेलं पडलं तरी भिंतीला चिकटतो, हे मात्र तो सांगत नसे. "बाळ्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवू या," असं बायको आपल्या या भावाबद्दल दोनदा म्हणाली. "लोक काय म्हणतील?" म्हणत त्याने विषय उडवून लावला.

त्या सकाळी मेहुणा दाढीला बसला होता. गालभर फेस, मानेवर वस्तरा. बाकावरच्या ठेकेदाराने पेपर खाली केला. "काय हो, किती जणांना लोळवलंत?"

मेहुण्याची मान ताठ झाली. तेवढ्यात शेजारचं शटर धाडकन आदळलं.

पुढचं सलूनवाल्याला कळलंच नाही. मनगट पिरगळलं, पाठ भिंतीवर आपटली आणि त्याचाच वस्तरा त्याच्याच गळ्याला टेकला! समोरचे डोळे त्याच्याकडे बघत होते, पण ओळखत नव्हते.

आवाज ऐकून बायको दुकानामागच्या घरातून धावत आली. किंचाळली नाही, की भावाच्या अंगाला हात लावला नाही. त्याला दिसेल अशी उभी राहिली. "बाळ्या, मी ताई. हे आपलं दुकान आहे. शटर पडलं रे, नुसतं शटर."

क्षण सरता सरेना. मग वस्तरा फरशीवर पडला आणि मेहुणा खाली बसला. "भाऊजी, मी तुम्हाला कापलं असतं..."

"शिपाई आणि इतका भेदरट?" ठेकेदार पुटपुटला.

"याच दचकण्यानं तिकडे त्याचा जीव वाचला!" ताई म्हणाली. "घरी आला म्हणून अंग ते लगेच विसरेल होय? तुम्हाला गंमत ऐकायची असते, त्याला ती लढाई पुन्हा भोगावी लागते." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही वाघ वाघ म्हणून त्याला पिंजऱ्यात उभं केलंत."

"चुकलो गं मी!" सलूनवाल्याने वस्तरा उचलून खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो मेहुण्याला दवाखान्यात घेऊन गेला. शेजारी बसताना कालचा वस्तरा आठवत होताच, पण तो उठला नाही. ओळखीच्या एकाने विचारलं, "कुणाला काय झालंय?"

'गुडघा दुखतोय' म्हणायला जीभ वळली होती. तरी तो म्हणाला, "मेव्हण्यांना लढाईचा त्रास होतोय. मनाच्या डॉक्टरांकडे आलोय."

"बरा होईन ना मी, भाऊजी?"

"ते डॉक्टर सांगतील. मी इथंच बसलोय."

वाचकहो, लढाईवरून आलेल्या माणसाला पराक्रमाचे आकडे विचारू नका. झोप लागते का, एवढं विचारा. आणि तो 'नाही' म्हणाला, तर लाज न धरता त्याच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढा.