लाल ठिपक्याचा कप

टावर चौकातून आणलेल्या कचोऱ्या बशीत मांडून झाल्यावर कल्पनाताईंनी ट्रेमध्ये नवे कप ठेवले आणि भार्गवीचा स्टीलचा कप सवयीनं बाजूला सारला. त्याच्या कानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. कोरोनात लेक रुग्णालयातून घरी यायची, तेव्हा भांडी मिसळू नयेत म्हणून आईनंच तो लावला होता. साथ सरली, पण कप आपला वेगळाच राहिला. भार्गवीनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

नर्सची नोकरी सोडायचं तिनं मनाशी ठरवलं होतं. साथीत इतक्या जणांचे डोळे तिनं मिटले होते, की आता वॉर्डात पाऊल टाकतानाच तिचे पाय जड व्हायचे. आज देवासहून तिला बघायला पाहुणे आले होते. मुलगा, आल्हाद, फोनवर मनमोकळं बोलायचा. तो तिला आवडलाही होता.

चहा घेता घेता त्याची आई, कुसुमताई, म्हणाल्या, "मुलगी आम्हाला एकदम पसंद आहे. बस, एक गोष्ट. नोकरी तर सोडायचीच, पण लग्नात नर्स होती म्हणून नका सांगू. ऑफिसात होती म्हणा. लोक बातें बनवतात हो. कोणाकोणाला हात लावलेला असतो यांनी!"

"हो ना, आम्ही पण हिचा कप वेगळाच ठेवतो," कल्पनाताई घाईघाईत बोलून गेल्या.

भार्गवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कुसुमताईंनीही डोळ्यांना पदर लावला. "त्या बिमारीचं नावच नको. आमचे हे त्यातच गेले. शेवटी तोंडात पाणी घालायला घरचं कोणी नव्हतं. तीच रुखरुख आहे जिवाला."

"कोणीतरी सिस्टरनं घातलं असेल, काकू," भार्गवी हळूच म्हणाली. "आमच्या वॉर्डात आम्हीच ओठांना पाणी लावत होतो. पेशंट आपल्या मुलांना हाका मारायचे, आम्ही 'ओ' द्यायचो."

"खरंच?" कुसुमताईंचा आवाज अगदी बारीक झाला. थोडा वेळ त्या रडल्या. मग म्हणाल्या, "पण लोकांना काय सांगणार, बेटा?"

भार्गवीनं आल्हादकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"नोकरी मी सोडणारच होते, काकू. थकलेय म्हणून. पण लाज वाटते म्हणून नाही सोडणार. हे हात लपवून मला तुमच्या घरी नांदता येणार नाही."

पाहुणे गेले. भार्गवी ओट्याशी उभी राहून हुंदके देऊन रडली. कल्पनाताईंनी तो कप घेतला आणि त्या ठिपका नखानं खरवडायला लागल्या. तो काही निघेना.

"मीच लावला गं हा," त्या म्हणाल्या. उरलेला चहा त्यांनी त्याच कपात ओतून घेतला आणि लेकीजवळ उभं राहून प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गवी ड्यूटीवर गेली. किती दिवस जाणं होईल, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

साथीत आपण सगळ्यांनी गच्चीवरून थाळ्या वाजवल्या होत्या. खाली उतरल्यावर त्यांतली कोणती थाळी कोणासाठी वेगळी काढून ठेवली, ते ज्यानं त्यानं आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पाहावं.